मूळ राखून फळ वाटणे



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांना दानाबद्दल आस्था होती आणि हिशेबाबद्दलही. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र येतात असा विषय मी निवडला आहे. जंगल आणि त्यातले जीव राखायला पैसा लागतो. तो इस्लामी दानाच्या आणि अर्थव्यवहाराच्या परंपरेतून कसा उभा राहू शकतो, आणि त्या परंपरेतल्या कुठल्या पैशाला यासाठी हात लावू नये, हे मला सांगायचे आहे. बोलणे मुख्यतः इंडोनेशियाबद्दल असेल. तिथले उलेमा, सरकार आणि साधे लोक या प्रश्नाशी गेली काही वर्षे मनापासून झगडत आहेत.

सुमात्रा बेटावरच्या रियाउ प्रांतात तेस्सो निलो नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या हत्तींसाठी 2004 मध्ये ते राखले गेले. कागदावर ते आजही जंगल आहे. प्रत्यक्षात त्याच्या फार मोठ्या भागात तेलपामची लागवड झाली आहे. ती करणाऱ्यांत पैसेवाले दलाल आहेत, तशीच पोटासाठी दुसरीकडून आलेली, दोन-चार एकरांवर जगणारी कुटुंबेही आहेत. हत्तींचा कळप एका रात्रीत कोवळी रोपे उपटून खातो. मग कुणीतरी विष ठेवते. विषाने मेलेले हत्ती या भागात अनेकदा सापडले आहेत.

2013 मध्ये इंडोनेशियातल्या उलेमांची परिषद, म्हणजे मजलिस उलमा इंडोनेशिया, हिचे प्रतिनिधी या भागात जाऊन आले. त्यानंतर 2014 च्या आरंभी परिषदेने त्या वर्षीचा चौथ्या क्रमांकाचा फतवा काढला. संकटात असलेल्या प्राण्यांची बेकायदा शिकार आणि त्यांचा बेकायदा व्यापार हराम आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले. सरकारने काय करावे, उद्योगांनी काय करावे, मशिदीतल्या धर्मगुरूंनी काय सांगावे, हेही त्यात लिहिले. पुढे 2016 मध्ये जंगल जाळण्याविरुद्ध आणि 2023 मध्ये हवामानबदलाविषयी असेच फतवे निघाले. सुमारे चोवीस कोटी मुसलमानांच्या देशात ही लहान गोष्ट नाही. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, गेंड्याचा आणि वाघाचा उल्लेख आल्याने जे साधते, ते वनखात्याच्या हजार फलकांनी साधत नाही.

पण फतवा काय करू नये ते सांगतो. ज्याचे पीक हत्तीने खाल्ले त्याची भरपाई कुणी करायची, शिकाऱ्यांचे फासे शोधत रानात फिरणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार कुणी द्यायचा, याची सोय फतव्यात नसते. तिथून माझा विषय सुरू होतो.

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी जैवविविधतेचा एक मोठा करार केला. 2030 पर्यंत पृथ्वीवरची 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र राखायचा, आणि त्यासाठी वर्षाला किमान 20 हजार कोटी डॉलर उभे करायचे, असे ठरले. दुसरीकडे व्याज न घेता चालणारा इस्लामी वित्तव्यवहार आज तीन लाख कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले की परिषदांमध्ये बसणाऱ्यांच्या डोळ्यांत चमक येते. मला त्या चमकेची काळजी वाटते. त्या मोठ्या आकड्यात बँकांच्या ठेवी आहेत, रोखे आहेत, विमा आहे. तो दानाचा पैसा नव्हे. दानाचा जो आहे, त्याच्यावरही आधीच कुणाचा तरी हक्क लागलेला आहे.

जकातीपासून सुरुवात करतो. (आपल्याकडे पूर्वी नाक्यावर भरावी लागे ती जकात इथे मनात आणू नये.) ज्या मुसलमानाकडे गरजा भागून साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीची संपत्ती चांद्रवर्षभर शिल्लक राहते, त्याने तिचा चाळीसावा हिस्सा देणे हे त्याचे कर्तव्य आहे, फर्ज आहे. शेतीचा हिशेब वेगळा आहे: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, पाणी शेंदून पिकवले असेल तर विसावा. पाणी काढायचे कष्ट त्या कायद्याने मोजले आहेत, हे मला फार भावते. ही रक्कम कुणाला द्यायची, ते कुराणाच्या नवव्या सूरेत सांगितले आहे. गरीब, अगदीच निराधार, वसुलीचे काम करणारे, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाच्या मार्गात खर्च होणारे आणि वाटसरू, असे हे आठ वर्ग आहेत.

या यादीत हत्ती नाही. ‘अल्लाच्या मार्गात’ या सातव्या वर्गाचा अर्थ रुंद करून त्यात निसर्गरक्षण बसवावे, असे काही आधुनिक अभ्यासक म्हणतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. जकात ही देणाऱ्याची मेहेरबानी नाही, घेणाऱ्याचा तो हक्क आहे. विधवेच्या वाट्याचे चार पैसे वाघाच्या नावाने वळवले, तर वाघाचे भले होईल की नाही ते सांगता येत नाही. विधवेचे नुकसान मात्र नक्की होईल. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय जकात मंडळाने, बाझनासने, देशात वर्षाला 327 लाख कोटी रुपिया जकात निघू शकते असा अंदाज केला आहे. प्रत्यक्ष जमा होते ती त्याचा लहानसा भाग. त्या लहानशा भागावरच जंगलाचाही दावा लावू नये.

तरीही जकातीचा जंगलाशी एक सरळ संबंध लागतो. जंगलाच्या कडेला राहणारी माणसे बहुधा गरीबच असतात. सुमात्रातल्याच जांबी प्रांतात बाझनासने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर जकातीच्या पैशातून दुर्गम गावांमध्ये ओढ्यावर चालणारे छोटे वीजसंच बसवले. दान माणसाला मिळाले, घरात दिवा लागला. पण संच चालायचा तर ओढा बारमाही वाहिला पाहिजे, आणि ओढा वाहायचा तर वरच्या डोंगरावरचे रान उभे राहिले पाहिजे. गावाला रान राखण्याचे एक रोजचे कारण मिळाले. जकातीने जंगलाकडे जायचे ते या वाटेने, गरिबाच्या दारावरून.

सुकूकबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर फार बोलले जाते. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी एखाद्या मालमत्तेच्या उपयोगातला वाटा देणारा रोखा. गुंतवणूकदाराला भाडे किंवा नफा मिळतो, मुदत संपली की मूळ रक्कम परत. मार्च 2018 मध्ये इंडोनेशियाने 125 कोटी डॉलरांचा हरित सुकूक काढला. एखाद्या सार्वभौम देशाने काढलेला तो जगातला पहिला. त्यातून वीज, रेल्वे, कचरा, पूरनियंत्रण अशी कामे झाली आणि ती चांगली आहेत. पण रोखा परत फेडायचा असतो. सौरप्रकल्प वीज विकतो, रेल्वे तिकीट घेते. सुमात्राचा गेंडा, ज्याची जगातली संख्या आता पन्नासच्याही आत आहे, तो काय भाडे भरणार? मग भाडे सरकार भरते, करातून. म्हणजे अखेरीस ते सरकारी कर्जच. कर्ज वाईट नसते, पण जिथे उत्पन्नच नाही तिथे ते नेमके कुणाच्या खिशातून फिटणार, हे आधी सांगायला हवे. आणि गेंड्यापासून उत्पन्न काढून दाखवा, असा आग्रह सुरू झाला की जंगलात रिसॉर्ट उभे राहायला वेळ लागत नाही.

आता वक्फाकडे येतो. मला जे सांगायचे आहे ते इथे आहे.

पैगंबरांचे सहकारी आणि पुढे खलिफा झालेले हजरत उमर यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली, तेव्हा तिचे काय करावे असे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ अडवून ठेव आणि त्याचे फळ दान कर, अशा आशयाचा सल्ला त्यांना मिळाला. ती जमीन विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न तेवढे गरिबांना, वाटसरूंना, पाहुण्यांना. वक्फाची सगळी कल्पना या एका सल्ल्यात आहे. मदिनेत हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, तीही याच वाटेने.

हे ऐकताना मला वाटते की जंगलाशी इतका जुळणारा दुसरा कायदेशीर करार माणसाने क्वचितच केला असेल. जंगलातही मूळ राखायचे असते आणि फळ तेवढे घ्यायचे असते. पाणी, मध, डिंक, सरपण, औषधी मुळ्या हे सगळे फळ. भांडवल खाल्ले की वक्फ मोडतो आणि जंगलही मोडते. शिवाय वक्फाला मुदत नसते. परदेशी देणगीवर चालणारे निसर्गरक्षणाचे प्रकल्प तीन वर्षांचे, पाच वर्षांचे असतात. अहवाल छापला जातो, गाडी परत जाते, पथकातले तरुण पामच्या मळ्यात मजुरीला लागतात. जंगलाला एकदम मोठी रक्कम नको असते. त्याला लहान रक्कम हवी असते, पण ती दर महिन्याला आणि कायमची.

पशुपक्ष्यांसाठी वक्फ करता येतो का, यावर जुन्या फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, खूप विचार केला आहे. इंडोनेशियात चालतो तो शाफिई पंथ. त्याच्या ग्रंथांत रानातल्या मुक्त पाखरांच्या नावे केलेला वक्फ वैध मानलेला नाही, कारण त्यांच्या वतीने तो स्वीकारणारा आणि सांभाळणारा कुणी नाही. पण त्याच ग्रंथांत इमाम गझाली यांचे मत नोंदलेले आहे की मक्केतल्या कबुतरांसाठी केलेला वक्फ मात्र वैध आहे. एवढीशी फट, पण किती मोलाची! तेराव्या शतकातल्या इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम या शाफिई विद्वानाने तर जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा उपयोग उरला नाही, तरी त्याच्यावर खर्च करणे मालकाचे कर्तव्य आहे असे सांगितले. तुर्कस्तानात बुर्सा शहरात जखमी करकोच्यांसाठी दवाखाना होता. ही माणसे पर्यावरणशास्त्र शिकलेली नव्हती. जिवाचा हक्क म्हणजे काय, हे मात्र त्यांना ठाऊक होते.

दुसरा वाद रोख पैशाच्या वक्फाचा. जमीन टिकते, पैसा टिकत नाही; मग पैशाचा वक्फ कसा चालेल? सोळाव्या शतकात उस्मानी साम्राज्यात यावरून मोठे वादळ झाले. सुलतान सुलेमानचे शेखुलइस्लाम, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकारी, अबुस्सूद एफेंदी यांनी असा वक्फ मान्य केला; बिरगिवी यांच्यासारख्या करड्या विद्वानाने तो व्याजाकडे नेणारा म्हणून नाकारला. दोघांचे म्हणणे वाचले की बिरगिवींची शंका आजही उपयोगी आहे असे वाटते, कारण पैशाचा वक्फ फिरवावा लागतो, आणि तो कुठे फिरतो हे पाहावेच लागते. इंडोनेशियात उलेमा परिषदेने 2002 मध्ये रोख वक्फ मान्य केला आणि 2004 च्या 41 क्रमांकाच्या कायद्याने त्याला चौकट दिली. ठरावीक मुदतीचा वक्फही त्या कायद्यात चालतो.

त्यातून एक सुंदर गोष्ट झाली. लोकांचा वक्फाचा पैसा एकत्र करायचा, तो सरकारी सुकूकमध्ये ठेवायचा, मूळ रकमेला हात लावायचा नाही, आणि येणारा परतावा सेवेसाठी वापरायचा. मार्च 2020 मध्ये असा पहिला रोखा निघाला, पन्नास अब्ज रुपियांच्या थोडा वर. त्याचा परतावा बांतेन प्रांतातल्या सेरांग इथल्या, वक्फाच्याच जमिनीवर उभ्या असलेल्या डोळ्यांच्या रुग्णालयाला गेला. तिथे दृष्टिपटलाच्या उपचारांची सोय झाली आणि गरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या.

डोळ्यांच्या जागी जंगल ठेवून पाहा. समजा एक कोटी रुपयांचा असा वक्फ आहे आणि वर्षाला सहा टक्के परतावा येतो. म्हणजे सहा लाख. त्यात फासे काढत फिरणाऱ्या दोन-तीन स्थानिक माणसांचा वर्षभराचा पगार निघतो, या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्यांच्या मुलांच्या काळातही. पगार वाढायचे तर परताव्यातला थोडा भाग मुळात परत घालावा लागेल, हेही उघड आहे. वक्फ सांभाळणारे जुने मुतवल्ली हेच करत: दुरुस्तीचा खर्च आधी, वाटप नंतर.

जमिनीच्या वाटेनेही लोक निघाले आहेत. सुमात्राच्या उत्तर टोकाला आचे प्रांतात जांथो आहे. तिथल्या राखीव जंगलात ओरांगउटान पुन्हा रानात सोडले जातात. या जांथोच्या परिसरात काही तरुणांनी लोकांकडून दान गोळा केले, उजाड झालेली जमीन विकत घेतली, ती वक्फ केली आणि तिच्यावर झाडे लावली. जावा बेटावर बोगोरजवळ, दरडी कोसळणाऱ्या डोंगरउतारावर, असेच एक वक्फाचे रान उभे राहत आहे. ही माणसे मला अतिशय जवळची वाटतात. पण त्यांच्या हातातली जमीन काही हेक्टर आहे. आचेमधल्या आणि शेजारच्या प्रांतातल्या लेउसरच्या रानाचा विस्तार 26 लाख हेक्टरांच्या घरात जातो. हत्ती, गेंडा, वाघ आणि ओरांगउटान एकत्र नांदतात अशी ती पृथ्वीवरची शेवटची जागा आहे. एकेक हेक्टर विकत घेऊन तिथे कुणी पुरे पडणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की वक्फाने मुख्यतः जमीन विकत घेण्याच्या मागे लागू नये. जमीन गावाची राहू द्यावी, सरकारची राहू द्यावी. वक्फ पैशाचा करावा आणि त्याचे फळ राखणदाराला, नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला, रोपवाटिकेला द्यावे. जमीन खरेदीत आणखी एक धोका आहे. विकणारा बहुधा गरीब असतो, आणि एकदा रान ‘पवित्र’ झाले की कालपर्यंत तिथे गुरे चारणारा माणूस आज घुसखोर ठरतो.

या बाबतीत हजरत उमर यांचीच दुसरी गोष्ट सांगतो. अरबस्तानात हिमा नावाची राखीव कुरणे असत. अशा एका हिमाचा राखणदार म्हणून उमर यांनी हुनय नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाला नेमले. त्याला दिलेल्या सूचना हदीसच्या संग्रहांत आहेत. ज्याच्याकडे थोडेच उंट, थोड्याच शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. पण इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांचे कळप आत घेऊ नकोस. ही दोघे पैगंबरांच्या अगदी जवळची, अतिशय श्रीमंत माणसे. त्यांची जनावरे मेली तर त्यांना मळे आहेत, बागा आहेत. गरिबाची मेली तर तो मुले घेऊन माझ्या दारात येईल आणि मला तिजोरीतून द्यावे लागेल, असे उमर यांनी समजावून सांगितले. चौदाशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने राखीव रानाचा प्रवेश मालकीच्या आकारावर ठरवला, आणि मोठ्यांना बाहेर ठेवले. आज जगभरच्या अभयारण्यांच्या दारात बहुधा याच्या उलट होते. लेबननमध्ये 2004 पासून पक्ष्यांच्या रक्षणासाठी हिमाची पद्धत गावांच्या मदतीने पुन्हा उभी केली गेली. तिथेही निर्णय गावाच्या हातात ठेवला, म्हणून ती चालली.

आपल्याला हे परके वाटू नये. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या नावाने राखलेल्या रानांत काय काय टिकून आहे ते लोकांसमोर आले. त्याच देवरायांचे पुढे काय झाले तेही आपण पाहतो. अनेक ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे तोडली गेली. सिमेंटचे देऊळ उभे राहिले, देवाचे रान गेले. दान देणाऱ्याला इमारत दिसते, तिच्यावर नावाची पाटी लागते. उभ्या रानावर पाटी लागत नाही. इंडोनेशियातही वक्फाच्या जमिनींवर बहुतेक मशिदी, कबरस्ताने आणि शाळाच आहेत. हा कुठल्या एका धर्माचा दोष नाही. म्हणून वक्फनाम्यात रान या शब्दापुढे ‘बांधकाम नाही’ हे स्वच्छ लिहिले पाहिजे, कारण वक्फ करणाऱ्याची अट ही शरियतीत कायद्याच्या शब्दाइतकी मानली जाते.

आणि विश्वास हवा. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये आपल्या देशातल्या वक्फ मालमत्तांचा हिशेब मांडला: 4.9 लाख नोंदलेल्या मालमत्ता, आणि सगळ्यांचे मिळून वर्षाचे उत्पन्न जेमतेम 163 कोटी रुपये. योग्य रीतीने सांभाळल्या तर ते 12 हजार कोटींपर्यंत जाऊ शकेल, असे समितीने म्हटले होते. अतिक्रमणे, पडेल भाड्याचे जुने करार, नोंदींचा घोळ, सगळे त्यात आहे. ज्या गरिबांसाठी कुणीतरी आपल्या मालकीची जमीन कायमची सोडून दिली, त्यांच्या हातात इतके थोडे पडावे, याने मन खिन्न होते. दप्तर नीट नसेल, दरवर्षी लोकांसमोर हिशेब वाचला जात नसेल, तर या संस्थेच्या खांद्यावर जंगलाचे ओझे टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तरीही छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीबद्दल मला बोलायचे आहे. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा तो परिसर वक्फाचा आहे. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरेने तिथे आणले, भिंतीवरून खाली पाडले, त्यावर चक्की फिरवली, आणि त्या पिठाने फकीर, वाटसरू आणि पोरक्या मुलांचे पोट भरले. पर्यटक हौद पाहतात, चक्की पाहतात. झरा पाहायला कुणी जात नाही. झरा ज्या डोंगरात आहे तिथले गवत, झुडपे, मुरणारे पाणी यांच्यावर ती सगळी व्यवस्था उभी होती. शहर वाढले आहे, डोंगर उघडे पडत आहेत. या शहरातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी, मुसलमान असोत वा नसोत, थोडा थोडा पैसा एकत्र करून एक रोख निधी करावा, मुसलमानांनी वक्फ म्हणून आणि इतरांनी साध्या दानाने. मूळ रक्कम बँकेत किंवा जिथे ज्याच्या धर्माला चालेल तिथे राहावी. तिच्या फळातून त्या पाणलोटातल्या डोंगरावर वणव्याच्या दिवसांत पहारा ठेवावा, स्थानिक झाडे लावावीत, आणि ज्या मेंढपाळांची मेंढरे तिथे चरतात त्यांना बाहेर न काढता त्यांच्याशी ठरवून चराईच्या पाळ्या लावाव्यात. दस्तात तीन अटी असाव्यात: बांधकाम नाही, मूळ रकमेला हात नाही, आणि लहान कळपवाल्याला आधी प्रवेश. मी वकील नाही, पण वकील आणि मौलवी यांच्या शेजारी बसून हा मसुदा लिहायला मला आवडेल. सभेनंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना रस असेल त्यांनी नाव सांगून जावे.